तीन मेंढ्यांचा कौल

शांग नगरीत कुणालाही माझं नाव विचारलंत तर "कुठला दुन? बिनपायाचा?" असा उलटा प्रश्न येईल. माझे दोन्ही पाय धडधाकट आहेत. डावा गारठ्यात जरा कुरकुरतो, पण आहे. बिनपायाचा म्हणतात ते माझ्या हातून एकदा घडलेल्या एका प्रकारामुळे. तो सांगायचा तर आधी मी किती बिनकामाचा माणूस आहे हे सांगावं लागेल, आणि त्याला थोडा वेळ लागेल, कारण विषय मोठा आहे.

वडील कांसं ओतणाऱ्यांच्या आळीत मातीचे साचे करायचे. मलाही त्यांनी तिथंच बसवलं. मी केलेल्या पहिल्याच साच्यातून दारूचं भांडं निघालं, त्याचा कान आतल्या बाजूला होता. वडिलांनी ते भांडं बराच वेळ उलटंपालटं करून पाहिलं. रागावले नाहीत. रागावण्यासाठी आधी काय झालंय ते समजावं लागतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला आईच्या भावाकडे पोचवलं आणि मागे वळून न पाहता निघून गेले.

फान मामा राजाच्या कौलखान्यात मुख्य होता. आमच्याकडे राजा शिंकला तरी मेलेल्या वाडवडिलांना विचारल्याशिवाय दुसऱ्यांदा शिंकत नाही, त्यामुळे कौलखान्याला उसंत अशी नसे. दक्षिणेकडच्या मोठ्या नदीपलीकडून कथील आणि कवड्यांबरोबर कासवं यायची, पाट्याच्या पाट्या. त्यांच्या पोटाकडची कवची करवतून काढायची, घासून गुळगुळीत करायची, मागच्या अंगानं खळगे पाडायचे. त्या खळग्याला मामा तापलेली काडी टेकवायचा आणि पुढच्या अंगाला "पुक्" करून तडा जायचा. तडा पाहून राजा सांगायचा, वाडवडील हो म्हणाले की नाही म्हणाले. मग काय विचारलं आणि काय मिळालं ते त्याच कवचीवर कोरून ठेवायचं. हे कोरण्याचं काम माझं.

आता कवची असते दगडासारखी. एकेक अक्षर पुरं करत बसलं तर जन्म जाईल. म्हणून आम्ही आधी सगळ्या ओळीतल्या उभ्या रेघा कोरून घेतो, मग कवची आडवी फिरवतो आणि आडव्या रेघा कोरतो. कवची फिरवता फिरवता माझं डोकंही फिरायचं. तेवढ्यात कुणी हाक मारली, पेजेचा वास आला, बाहेर डुकरांची भांडणं लागली, की उभ्या रेघा झाल्या म्हणजे काम झालं असं मला वाटायचं आणि आडव्या राहून जायच्या. एकदा चंद्रातला ठिपका राहिला. ठिपका असला की महिना, नसला की रात्र. धाकट्या राणीला पुढच्या महिन्यात दिवस भरणार होते, माझ्या कृपेनं ती त्याच रात्री बाळंत व्हायची ठरली. अकरा सुइणी पाणी उकळत बसल्या. राणीला मात्र गाढ झोप लागली होती.

"तुझ्या आईनं तुझ्या वेळी कौल लावायला हवा होता," मामा म्हणाला.

"लावला होता म्हणे."

"मग तो कोरला कुणी? तूच?"

कौलखान्यात माझ्यावर मनापासून खूश असलेला माणूस एकच होता, लोबा. तो च्यांग जमातीचा, पश्चिमेच्या डोंगरातला मेंढपाळ. आमच्या सैन्यानं धरून आणलेल्या दीडशे जणांत तो आला. त्यातले बहुतेक पहिल्या वर्षीच निरनिराळ्या आजोबा-पणजोबांना वाहिले गेले. लोबाला कासवं सोलता येतात आणि पेज बरी करतो म्हणून मामानं त्याला ठेवून घेतलं. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, छाती नगाऱ्यासारखी, आणि दात असे की डुकराचं नळीचं हाड तो दातांनी फोडायचा आणि आतला मगज मला द्यायचा.

लोबाला वाचता येत नव्हतं, पण माझ्या शेजारी बसून बसून काही चिन्हं त्याला ओळखता यायला लागली होती. मेंढीचं चिन्ह म्हणजे शिंगांचं तोंड. त्याच्या लोकांचं चिन्ह म्हणजे तेच शिंगांचं तोंड, फक्त खाली माणसाचे दोन पाय. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा तो कवची हातात धरून खूप वेळ हसला.

"दुन्या, तुम्ही आम्हाला मेंढीच करून टाकलंत की रे. नुसते पाय तेवढे आमचे ठेवलेत."

"मी नाही केलं. खूप जुनं आहे ते."

"तू केलं असतंस तर पायही राहिले नसते," तो म्हणाला आणि पेज ढवळायला गेला.

मी आयुष्यात बायको केली नाही. म्हणजे विचारणा झाली होती एकदोन ठिकाणी, पण सुइणींची गोष्ट माझ्याआधी त्या त्या घरी पोचलेली असायची. त्यामुळे दुपारची राळ्याची पेज मी लोबाबरोबरच प्यायचो. तो मला घालूनपाडून बोलायचा आणि मी ऐकून घ्यायचो. दिवसातला तेवढाच वेळ मला आवडायचा.

त्या वर्षी गव्हाच्या पेरणीच्या सुमाराला राजाची दाढ सुजली. राजाचं तोंड एका बाजूनं भोपळ्याएवढं झालं. दाढ कुणी सुजवली हे आधी शोधावं लागतं, म्हणून कौलावर कौल लागले. वडिलांनी सुजवली का? नाही. काकांनी? नाही. आठ कवच्या खर्ची पडल्यावर कळलं की हे काम गेंग पणजीचं. मेलेल्यांना आमच्याकडे त्यांच्या वाराचं नाव असतं, गेंग हा तिचा वार. पणजीला मरून दोन पिढ्या झाल्या होत्या, पण तिचा स्वभाव निवळला नव्हता.

तिला काय वाहायचं याचा कौल दुसऱ्या दिवशी सकाळी राजवाड्यात लागला. मी तिथं नव्हतो. मी कौलखान्याच्या अंगणात उन्हाला बसलो होतो, तेव्हा बळीच्या कोंडवाड्याचा मुकादम पाओ तिकडूनच आला. पाओ म्हणजे मोठं प्रस्थ. कमरेला हिरव्या दगडाचा मासा, अंगात रेशीम. असा माणूस आपल्याशेजारी ओट्यावर बसला की माझ्यासारख्याची जीभ सैल सुटते.

"तुझा मामा यायचाय?" त्यानं विचारलं.

"येईलच. पेज घेता?"

"पेज कसली विचारतोस. आमच्या कोंडवाड्यात सगळे पेजवालेच उरलेत. बोळके. एकाच्या तोंडात धड दात नाही. असली माणसं सांभाळायची म्हणजे वैताग आहे."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. इथं मी काहीही करायला हवं होतं, उठून कासवं धुवायला जायला हवं होतं, फीट येऊन पडायला हवं होतं. पण पाओसारखा माणूस माझ्याकडे बघून बोलत होता, आणि आमच्याकडे काहीतरी त्याच्याहून चांगलं आहे असं सांगायची संधी मला जन्मात पहिल्यांदा आली होती.

"आमचा लोबा बघा मग," मी म्हणालो. "बत्तीसच्या बत्तीस. डुकराचं हाड फोडतो दातांनी. नळीचं! अख्ख्या शांग नगरीत असे दात नाहीत."

"काय सांगतोस?"

"या की, दाखवतो." आणि मी त्याला स्वतः आत घेऊन गेलो. लोबाला म्हणालो, "लोबा, आ कर, मुकादमसाहेबांना बघायचंय." लोबानं माझ्याकडे पाहिलं आणि आ केला. पाओनं बोट घालून एकेक दाढ हलवून पाहिली. मी बाजूला उभा होतो, बैल विकायला आणलेल्या माणसासारखा फुलून. मग पाओनं दारातल्या शिपायांना खूण केली आणि त्यांनी लोबाचे हात मागे बांधले.

"अहो, पण..." मी म्हणालो.

"दाढेसाठी वाहायचेत," पाओ म्हणाला. "बोळके वाहिले तर पणजी काय म्हणेल? दोन मिळालेत बरे दातवाले. तिसरा हा. आभारी आहे हं."

लोबा जाता जाता एवढंच म्हणाला, "पेज खाली लागेल, दुन्या. ढवळ."

मी ढवळली. दुसरं काही सुचेना. मी ढवळत होतो, ती लागलीच खाली, तरी ढवळत होतो. तेवढ्यात मामा राजवाड्यातून कवची घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली. तडा स्वच्छ गेला होता. पणजी हो म्हणाली होती.

"कोर," मामा म्हणाला. "गेंगच्या दिवशी विचारलं, दाढेसाठी पणजी गेंगला तीन च्यांग. उद्या सकाळी देवळात वाचायचंय. आणि हे बघ, नीट कोर. राजा दुखण्यानं पिसाळलाय. उद्या चूक झाली तर तुझं मुंडकं मीच नेऊन देईन, शिपायांना चालत यायला नको."

मामा भिंतीला टेकून डोळे मिटून बसला. मी छिन्नी घेतली. आमच्यात एक रीत आहे. तोंडानं काय विचारलं ते वाऱ्यावर जातं. कवचीवर जे कोरलं आणि देवळात मोठ्यानं वाचलं, ते मेलेल्यांना कळतं. एकदा त्यांनी ते ऐकलं की त्यात एक रेघ घालायची नाही की पुसायची नाही, आणि वाचलं असेल तेच द्यायचं.

जन्मभर माझ्या हातून चुका आपोआप होत आल्या. त्या दिवशी मला एक चूक करायची होती, आणि हात असा सरळ चालत होता की मामानं स्वप्नातही पाहिला नसेल. तारीख कोरली, सुबक. दाढ कोरली, तिच्यातले दात मोजून घ्यावेत. पणजीचं नाव कोरलं. तीनची जागा सोडली, त्याच्या तिन्ही रेघा आडव्या. मग शिंगांचं तोंड कोरलं. खाली पाय कोरायची जागा आली, आणि मी छिन्नी तिथं टेकवून बसलो. मी शूर माणूस नाही. मला डुकरांचीही भीती वाटते. मला माझं मुंडकं दिसत होतं, ते मामाच्या हातात कसं लोंबकळेल तेही दिसत होतं. पण त्याहून जास्त मला लोबाचा तो आ केलेला जबडा दिसत होता, मी सांगितलं म्हणून केलेला.

मी छिन्नी उचलली, कवची फिरवली आणि आडव्या रेघा कोरायला लागलो. सगळ्या कोरल्या. आयुष्यात पहिल्यांदा एकही आडवी रेघ राहिली नाही.

मामानं कवची उचलून उजेडात धरली. खूप वेळ धरली.

"दुन."

"हो मामा."

"तू आडव्या रेघा विसरतोस."

"हो मामा."

"पाय उभे असतात."

बाहेर डुकरं भांडत होती. मामानं कवची खाली ठेवली, अंगठ्यानं डोळे चोळले आणि म्हणाला, "माझी नजर गेली रे आता. बारीक काही दिसत नाही. ठीकच कोरलं असशील." आणि कवची कापडात गुंडाळून निघून गेला. मामाला तेव्हा पन्नास पावलांवरून कासवाची जात सांगता यायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीच्या देवळापुढच्या अंगणात तिघंही बांधून उभे केलेले होते. लोबा कडेला. मी कवची घेऊन मामाच्या मागे. राजा गालाला कापड बांधून बसला होता आणि कण्हत होता. मामानं कवची वर धरली आणि खणखणीत आवाजात वाचलं, "गेंगच्या दिवशी विचारलं, दाढेसाठी पणजी गेंगला तीन मेंढ्या."

पाओचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता, पण मी पाहिला नाही, मी जमीन पाहत होतो.

"मेंढ्या नाहीत, च्यांग!" पाओ ओरडला. "काल च्यांग विचारले होते! मी होतो तिथं!"

"मीही होतो," मामा म्हणाला. "पण कोरलंय मेंढ्या. आणि पणजीनं ते आत्ता ऐकलं. आता तिला सांगू का, की आजी, चुकलं, जरा पुन्हा ऐका? त्यावर उद्या महाराजांची दुसरी दाढ सुजली तर कौल तुझ्या नावानं लावायचा का?"

पाओ वळला आणि त्यानं माझी मानगूट धरली. "हे यानं कोरलं ना? ए, मुद्दाम केलंस का रे? या मेंढपाळाबरोबर रोज पेज पितोस म्हणे?"

राजानं कापडाआडून माझ्याकडे पाहिलं. 'नाही' म्हणायला मी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त हवा आली. माझ्या तोंडावर सगळं लिहिलेलं होतं, आणि तेही एक रेघ न चुकता.

तेवढ्यात कडेनं कुणीतरी हसलं. लोबा. हात मागे बांधलेले, गळ्यात दोर, आणि हा माणूस पोट हलवून हसत होता.

"मुद्दाम? हा?" लोबा म्हणाला. "साहेब, याला मुद्दाम शिंकतासुद्धा येत नाही. राणीसाहेबांच्या अकरा सुइणी कुणी जागवल्या? यानं! याच्या बापाला विचारा, भांड्याला आतून कान लावला होता यानं. आतून! दारू प्यायची तर हात आधी बुडवायचा! काल माझी पेज ढवळायला सांगितली तर तीही लावली असणार यानं. लावली ना रे गाढवा?"

"लावली," मी म्हणालो. एवढा एकच शब्द माझ्या तोंडून निघाला, आणि तो खरा होता.

आधी एक शिपाई हसला. मग अंगणातले सगळे. मग राजा हसला, गालावर हात दाबून "आई गं, आई गं" करत, आणि म्हणाला, "मेंढ्या तर मेंढ्या! पण काय ते लवकर कापा रे!"

तीन मेंढ्या कापल्या. तिसऱ्या दिवशी राजाची दाढ आपोआप पडली आणि "खरंच, मेंढ्यांनी काम झालं" असं त्या कवचीवर नंतर कोरलं गेलं. ते मी कोरलं नाही. माझी छिन्नी त्याच दिवशी काढून घेतली होती आणि मला मागच्या आवारात कासवं सोलायला बसवलं होतं. तिथला वास अंगाला लागला की उतरत नाही. आता मी आलो हे लोकांना मी दिसायच्या आधी कळतं.

मी कुणी मोठा माणूस झालो असं समजू नका. पुढच्याच महिन्यात दुसऱ्या एका आजोबांसाठी तीस च्यांग वाहिले. ती कवची ज्यानं कोरली त्याचा हात फार सुंदर होता, एकूण एक पाय जागच्या जागी. मी ती धुऊन ठेवली, कोठारात. लोबा मात्र पुन्हा कधी त्या यादीत आला नाही. पणजीनं नाकारलेला माल दुसऱ्या कुणाला कसा द्यायचा, असं पाओला वाटायचं.

लोबा परत पेज करायला लागला. आणि चारचौघांत माझी टवाळी करायला. "हा बघा, बिनपायाचा," म्हणायचा, येणाऱ्याजाणाऱ्याला. अख्ख्या नगरीत ते नाव त्यानंच पसरवलं. मला वाईट वाटायचं. मी आयुष्यात एकच गोष्ट धड केली आणि ती माझी सगळ्यात मोठी चूक म्हणून गाजली. कुणाला सांगताही येत नव्हतं, कारण सांगितलं तर मुंडकं गेलंच. निदान लोबाला कळावं, त्यानं एकदा तरी "दुन्या, तू वाचवलंस" म्हणावं, असं मला फार वाटायचं. पण त्याला ते सांगायचं म्हणजे दुसरंही सांगावं लागलं असतं, की कोंडवाड्यात तू गेलास तो माझ्याच तोंडामुळे. कौतुक हवं आणि कबुली नको, असा कौल लागत नाही. म्हणून मी सोळा वर्षं गप्प बसलो.

मामा गेला. पाओ गेला. राजा गेला, आणि आता नवा राजा त्यालाच विचारतो की माझं पोट कुणी बिघडवलं. लोबाचे गुडघे गेले, दृष्टी गेली, तो चुलीपाशी बसून असायचा आणि पेज मी करायचो. खाली लागायची. गेल्या थंडीत एका दुपारी आम्ही दोघंच होतो, तेव्हा मी वाडगं खाली ठेवलं आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. आधी वाईट सांगितलं. म्हणालो, "लोबा, पाओ काही तुला शोधत आला नव्हता. मीच तुझ्या दातांची फुशारकी मारली त्याच्यापुढे. माझ्यामुळे नेलं तुला. पाय नंतर मीच मुद्दाम वगळले, पण आधी नेलं ते माझ्यामुळे."

लोबा पेज पीत राहिला. मला वाटलं ऐकू गेलं नाही, म्हणून पुन्हा सांगायला लागलो.

"बहिरा नाही झालो अजून," तो म्हणाला. "ते पाय मुद्दाम वगळलेस ते तुझ्या तोंडावर दिसत होतं, म्हणून तर बोंब मारून हसावं लागलं मला. आणि आत्ता मोठ्यानं काय बोलतोस? सोळा वर्षं तुला गावभर गाढव म्हणत फिरलो ते काय हौस म्हणून?"

मी आवाज खाली आणला. मग विचारलं, कारण खरी भीती तीच होती, "आणि दातांचं?"

"ते तर पाओनं बोट घातलं तेव्हाच कळलं." लोबानं वाडगं पुसलं. "अरे, मला धरून आणलं तेव्हापासून या गावात कुणी माझ्याबद्दल एक बरा शब्द बोललं नव्हतं. माझ्या दातांचं कौतुक करणारं दुसरं होतं कोण?"

मी ढसाढसा रडलो. लोबानं चाचपडत माझं वाडगं घेतलं आणि उरलेली पेज तीही पिऊन टाकली.